पालव

करपणे आणि करमणूक,
या दोन शब्दांच्या मधे सापडली मला ती,
शाळेच्या कपाटातल्या जाड शब्दकोशात,
पानाच्या कडेला कुणाचा तरी हळदीचा अंगठा.
करपल्लवी, स्त्रीलिंगी :
बोटांच्या खुणांनी बोलायची गुप्त भाषा.
कर म्हणजे हात,
पल्लव म्हणजे कोवळं पान.

बाबांची बोटं कोवळी नव्हती.
संत्र्याच्या सालीचं तेल मुरून मुरून
नखांच्या कडा पिवळ्या,
डाव्या करंगळीचं पेर पेटीच्या खिळ्यानं नेलेलं.
आधी संत्रा मार्केटात, मग कळमन्याला,
ढिगासमोर दोन माणसं उभी राहायची
जशी काही एकमेकांना उन्हाचं विचारताहेत,
मधे लोंबता दुपट्टा
आणि दुपट्ट्याच्या आत हातात हात.
बाहेर : "यंदा मृग बरा हाय, भाऊ."
आत : दोन बोटं धरली, सोडली,
मधलं पेर दाबलं, हात झटकला.
भोवती पन्नास कान उभे,
एकालाही भाव कळायचा नाही.

"मले शिकवा ना," म्हटलं की हसायचे.
"पोट्टीनं परक्याचा हात धराचा का?"
आणि पाढ्यांचं पुस्तक पुढे सरकवायचे.
पाढ्यांत काहीच लपलेलं नव्हतं.

मेडिकलच्या वॉर्डात उजवं अंग गेलं, वाचा गेली.
सातव्या दुपारी, कूलरचं पाणी संपून नुसता पंखा खडखडत असताना
चादरीखालून त्यांचा डावा हात आला,
माझा हात शोधला, आत ओढून घेतला.
चार बोटं धरली.
सोडली.
अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाब.
मग नुसतंच धरून ठेवलं.
डोळे छताकडे, चेहरा तसाच,
उन्हाचं विचारणारा.
मी म्हटलं, पाणी? आई? दुकानाची किल्ली?
पुन्हा चार. पुन्हा दोनदा.
नर्स आली तशी मूठ सैल झाली,
गिऱ्हाईक बदललं की व्हायची तशी.

तेरवी आटोपून उकंडराव लांजेवारांकडे गेले.
पलंगावर बसले होते, मोतीबिंदूची पट्टी डोळ्यावर.
खांद्यावरचा दुपट्टा काढला, थोडे थांबले,
मग हात आत घालून माझ्यासमोर धरला.
"कर बरं, त्यानं केलं तसं."
मी केलं.
"चार तं हाय," म्हणाले. "पर चार काय?
चार, चाळीस, चारशे, बोटं तेच राह्यते.
माल कोनता ते दोघाले आधीच ठाऊक पाह्यजे.
मालच नाही मालूम, तं भाव कसा सांगू, बाई?"
आणि ते दोनदा दाबलं ते?
बराच वेळ हात सोडला नाही त्यांनी.
"ते आमच्यात नव्हतं."

शाळेत येऊन पुन्हा कोश काढला.
पल्लव, अर्थ दुसरा : वस्त्राचा काठ.
त्यावरून पालव, म्हणजे पदर.
खाली पालवणे.
एक, झाडाला पानं फुटणं.
दोन, हात हलवून जवळ बोलावणं.
दोन्ही एकाच मुळाचे
की नुसते शेजारी राहायला आलेले,
ते कोशकारानं लिहिलेलं नाही.
घंटा झाली. सातवी ब वाट पाहत होती.

बाबांचा दुपट्टा अजून धुवायला टाकलेला नाही.
कधी रात्री मांडीवर पसरते, खाली
माझाच उजवा हात माझ्या डाव्यात देते.
चार बोटं. सोडली. दोनदा दाब.
माल कोणता ते अजून ठरायचं आहे.
दारातून कुणी विचारलंच, काय करते गं अंधारात,
तर म्हणते,
काही नाही,
यंदा मृग बरा आहे.